पिशवीतली बिअर: आधणाला पाणी किती आणि चोथा धुवायचा कधी?

पिशवीच्या पद्धतीत माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) भरड एका मोठ्या कापडी पिशवीत घालून गरम पाण्यात तासभर भिजवायची, पिशवी उचलायची आणि खाली उरलेलं गोड पाणी उकळायचं. त्या गोड पाण्याला वर्ट म्हणतात. ऐकायला चहाइतकं सोपं आहे. पहिल्या दोन-तीन बॅचेस फसतात त्या बहुतेक पाण्याच्या हिशोबात. वर्ट पातळ निघतं, पातेलं उतू जातं, किंवा दहा लिटर हवं असताना शेवटी सातच उरतं. मग कुणीतरी सांगतं की "स्पार्ज कर", म्हणजे चोथ्यावरून पाणी घालून उरलेली साखर धुऊन घे. नवखा माणूस आहे त्या पाण्यावर आणखी पाच लिटर ओततो आणि वर्ट जास्तच पातळ होतं.

म्हणून आधी हिशोब, मग धुणं.

आधी कायद्याचं

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं आणि त्यासाठी साहित्य-भांडी बाळगणं हा गुन्हा आहे. घरी पिण्यापुरती केली, विकली नाही, ही सबब चालत नाही. पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी (जागेवरच बिअर बनवून विकणारं छोटं ठिकाण) सुरू झाली आणि मग अशा मायक्रोब्रुअऱ्या वाढत गेल्या, त्या सगळ्या परवान्यावर चालतात. हा लेख तिथे छोट्या चाचणी बॅचेस करणाऱ्या शिकाऊंसाठी आहे, आणि जिथे घरगुती ब्रुइंगला मुभा आहे अशा देशांत राहणाऱ्यांसाठी. पाण्याचे आकडे पुण्याचे धरले आहेत. खालच्या पायऱ्या यीस्ट घालायच्या आधी संपतात. तिथवरचं पाणी म्हणजे माल्टचा गोड काढा. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) न घालता थोडा वेळ उकळून, गार करून, निम्मा सोडा घालून प्यायलं तर चांगलं सरबत होतं.

काय काय लागेल

- २० लिटरचं स्टीलचं पातेलं, झाकणासह. शक्यतो उभट घ्या. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत मिळतं. पसरट टोपात पाणी भराभर आटतं.
- पाच-सात लिटरचं दुसरं पातेलं
- पॉलिस्टरच्या पातळ, जाळीदार पडद्याच्या कापडाची पिशवी. पातेल्याच्या आत सगळीकडून टेकून वर काठावर दुमडता येईल एवढी मोठी शिवून घ्या. मलमल किंवा पंचा नको. ओला झाला की छिद्रं बुजतात आणि पाणी अडून बसतं.
- मोदकपात्राची चाळणी, पातेल्याच्या तळाशी ठेवायला
- डिजिटल थर्मामीटर
- हायड्रोमीटर (वर्टची घनता मोजायला) आणि त्याची उंच नळी. दुधाचा लॅक्टोमीटर चालणार नाही, त्याची पट्टी अपुरी पडते.
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि धान्यासाठी साधा वजनकाटा
- पीएच मीटर, निदान पट्ट्या
- लांब लाकडी डाव, जाड रबरी हातमोजे, मोठी रोवळी किंवा स्टीलची चाळण
- पिशवी टांगायला भक्कम जागा. बाल्कनीत झोपाळ्याची कडी असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

घरगुती काचेच्या शेगडीवर हे पातेलं चढवू नका. पाणी, धान्य आणि भांडं मिळून वीस किलोच्या पुढे जातं. जमिनीवर ठेवायची लोखंडी शेगडी घ्या, आणि ती मोकळ्या हवेत पेटवा.

१. पातेल्याची पट्टी बनवा

पातेल्यात एकेक लिटर थंड पाणी मोजून घाला आणि प्रत्येक लिटरला डावाच्या दांड्यावर खूण कोरा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे सगळे आकडे याच दांड्यावर वाचायचे आहेत. ३० सेंमी व्यासाच्या पातेल्यात १ सेंमी उंची म्हणजे साधारण ०.७ लिटर, यावरून खुणा पडताळून घ्या.

एक पथ्य: हिशोब नेहमी थंड पाण्यात करा. पाणी उकळीला आलं की सुमारे ४ टक्के फुगतं. थंड असताना १४ लिटर असलेलं वर्ट उकळताना दांड्यावर साडेचौदा दिसतं. हा अर्धा लिटर विसरला की रोज वेगळं उत्तर येतं आणि दोष बिचाऱ्या माल्टला लागतो.

२. आपलं पाणी किती आटतं ते मोजा

पातेल्यात १० लिटर थंड पाणी घ्या, उकळी आणा, झाकण न ठेवता बरोबर अर्धा तास उकळा, गार होऊ द्या आणि मोजा. घट झालेल्या पाण्याची दुप्पट म्हणजे तुमचं ताशी आटणं. असल्या पातेल्याला ते साधारण ३ लिटरच्या आसपास येतं. पातेल्याचं तोंड आणि आच बदलली की आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलू नका. बासुंदी करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

याच वेळी थर्मामीटरही तपासून घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांना उकळतं. खळखळत्या पाण्यात १०० दिसले तर मीटर दोन अंश पुढे आहे. ९८ दिसले म्हणून तो बिघडलाय समजून दुकानात परत नेऊ नका.

३. एकूण पाणी काढा

चार आकड्यांची बेरीज आहे:

एकूण पाणी = शेवटी हवं असलेलं वर्ट + तळाचा गाळ + आटणारं पाणी + चोथ्यात राहणारं पाणी

पिशवी नुसती टांगून निथळू दिली तर चोथ्यात दर किलो कोरड्या धान्यामागे सुमारे ०.८ लिटर पाणी राहतं. हाताने बऱ्यापैकी पिळली तर ०.६. अगदी जोर लावून पिळली तर आणखी थोडं कमी. दुसऱ्या उपकरणांसाठी लिहिलेल्या कृतींत हा आकडा १ लिटर धरलेला असतो. तो इथे उचलला की पाणी जास्त होतं.

१० लिटरची मध्यम बिअर घेऊ. उकळीनंतरची घनता १.०४८ हवी आहे (साधं पाणी १.००० धरून; साखर जास्त तितका आकडा मोठा). त्यासाठी २.५ किलो पेल माल्ट लागेल.

- शेवटी हवं: १० लिटर
- गाळ आणि हॉप्सचा चोथा: १ लिटर
- तासाभरात आटणारं: ३ लिटर
- धान्यात राहणारं: २.५ × ०.६ = १.५ लिटर

एकूण १५.५ लिटर.

आता हे पातेल्यात मावतं का? धान्य पाण्यात पडलं की दर किलोला सुमारे ०.६७ लिटर जागा घेतं. म्हणजे १५.५ + १.७ = १७.२ लिटर. गरम झाल्यावर आणखी थोडं. २० लिटरच्या पातेल्यात मावलं.

मावलं तर स्पार्ज करू नका. सगळं पाणी एकदम घ्या, भिजवा, पिशवी उचला, पिळा. या वजनाच्या बिअरला धुण्याने होणारा फायदा भरड थोडी बारीक करूनही मिळतो, आणि त्यात एक पातेलं कमी घासावं लागतं.

४. मावत नसेल तर पाणी वाटून घ्या

बिअर जड करायची असेल तेव्हा धुण्याची गरज खरी पडते. त्याच पातेल्यात १२ लिटर, १.०६० घनतेची करायची आहे असं समजा. धान्य ३.७ किलो.

१२ + १ + ३ + २.२ = १८.२ लिटर पाणी. धान्याची जागा २.५ लिटर. बेरीज २०.७, आणि पातेलं २० चं.

आता १८.२ मधून ५ लिटर बाजूला काढा. १३.२ लिटरमध्ये भिजवा, ५ लिटरने धुवा. भिजवताना पातेल्यात १५.७ लिटर भरतं, ढवळायला जागा राहते.

पुन्हा वाचा: धुण्याचे ५ लिटर एकूण पाण्यातून काढलेले आहेत. वरून घातलेले नाहीत. नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत हीच. धुतलं तरी आणि न धुतलं तरी उकळीला ठेवायचं वर्ट तेवढंच असतं, इथे १६ लिटर. फरक फक्त त्यातली किती साखर चोथ्यात मागे राहते एवढाच.

वाटणी करताना भिजवण्याचं पाणी किलोला ३ लिटरच्या खाली नेऊ नका. त्याखाली लापशी होते आणि पिशवीत ढवळता येत नाही.

५. पाणी कुठलं?

खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी बरंच मऊ आहे. फिकट रंगाच्या बिअरला ते चांगलंच, फक्त त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन माल्टशी मिळालं की बिअरला दवाखान्यातल्या बँडेजचा वास येतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. पाणी आदल्या रात्री पसरट भांड्यात उघडं ठेवा, किंवा पंधरा मिनिटं उकळून घ्या, किंवा कार्बन फिल्टरमधून घ्या. धुण्याच्या पाण्यालाही हेच लागू आहे. बऱ्याच जणांचं आधणाचं पाणी व्यवस्थित असतं आणि धुवायला मात्र थेट नळाचं येतं.

वाघोली, वाकड, बाणेरकडच्या अनेक सोसायट्यांत टँकर किंवा बोअरचं पाणी येतं. काळ्या पाषाणातून आलेलं हे पाणी सहसा जड असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर हे पाणी एकट्याने वापरू नका. त्यातलं बायकार्बोनेट मॅशचा, म्हणजे पाण्यात भिजणाऱ्या भरडीचा, पीएच वर ढकलतं. निम्मं आरओचं पाणी मिसळा, किंवा पाणी उकळून गार करा आणि खाली बसलेला पांढरा साका सोडून वरचं घ्या.

आरओच्या बाबतीत दोन सूचना. मशीनच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी "नाहीतरी फुकट जातं" म्हणून वापरू नका. सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. आणि नुसतं आरओचं पाणी असेल तर त्यात कॅल्शियम जवळपास नसतं, ते घालावं लागतं. १५.५ लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि १ ग्रॅम जिप्सम घातलं की लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम होतं, आणि तेवढं पुरतं. दोन्ही खाद्य दर्जाचंच घ्या. मूर्तीकामाचं जिप्सम नको.

६. भरड, पीठ नव्हे

गिरणीवाल्याला "दळून द्या" म्हटलंत तर तो पीठ देईल. "भरडून द्या, लापशीच्या रव्यापेक्षा जाड" असं सांगा आणि पहिली मूठ हातात घेऊन बघा. प्रत्येक दाणा फुटलेला हवा, टरफल शक्यतो अखंड, आणि बोटांना थोडं पीठ लागायला हवं. एकही अख्खा दाणा दिसला तर पुन्हा घालायला सांगा. आधी जात्यातून मिरची-हळद गेली असेल तर तो घाणा टाळा. मिक्सरमध्ये अर्धं पीठ आणि अर्धे अख्खे दाणे निघतात, दोन्ही वाईट.

पिशवी हीच चाळण असल्यामुळे नेहमीपेक्षा थोडी बारीक भरड चालते. साखर कमी निघतेय अशी तक्रार असेल तर धुण्याच्या आधी इथे बघा.

७. आधण आणि भिजवण

कोरडं धान्य पडलं की पाण्याचं तापमान उतरतं, म्हणून आधण थोडं जास्त गरम हवं. ६६ अंशांवर भिजवायचं असेल आणि धान्य खोलीच्या २८ अंशांवर असेल, तर पहिल्या उदाहरणात आधण ६८.५ अंशांना लागेल. दुसऱ्यात पाणी कमी आणि धान्य जास्त, म्हणून ७०.५. डिसेंबरच्या सकाळी धान्य १५ अंशांवर असेल तर दोन्हींत एक-दीड अंश वाढवा.

तळाशी मोदकपात्राची चाळणी, तिच्यावर पिशवी. गॅस बंद करा, मग धान्य घाला. पिशवी आत असताना आच चालू राहिली आणि कापड तळाला टेकलं तर भोक पडतं, आणि सगळी भरड वर्टमध्ये उतरते.

धान्य मुठीमुठीने सोडत एका हाताने ढवळत राहा, पिठलं घोटतो तसं. गुठळी झाली तर तिच्या आतलं पीठ कोरडंच राहतं आणि त्यातली साखर निघतच नाही. दहा मिनिटांनी थोडं वर्ट वाटीत काढून गार करा आणि पीएच बघा. ५.२ ते ५.६ मध्ये असेल तर हात लावू नका.

झाकण ठेवा आणि पातेलं जुन्या गोधडीत गुंडाळा. शेगडी पूर्ण गार झाली आहे ना, ते आधी बघा. तासाभरात एक-दोन अंश उतरतील, ते चालतं. मध्ये एकदा उघडून ढवळा.

८. उचलणं, पिळणं

ओली पिशवी पहिल्या क्षणी कोरड्या धान्याच्या अडीच-तीनपट जड असते. ३.७ किलो धान्याची दहा किलो सहज भरते, आणि ती ६५ अंशांची असते. चारही टोकं एकत्र बांधून कडीला अडकवा आणि हळूहळू वर घ्या. श्रीखंडाचा चक्का टांगतात तसंच हे, फक्त घाईचं. दहा मिनिटं निथळू द्या.

मग पिळा. पिळल्याने तुरटपणा उतरतो असं अजूनही छातीठोकपणे सांगणारे भेटतात. टरफलातलं टॅनिन (तुरट द्रव्य) उतरतं ते जास्त तापमानाला आणि पीएच ६ च्या वर गेल्यावर. हाताच्या दाबाने नाही. हातमोजे घालून वरून खाली दाबत आणा, किंवा पिशवी रोवळीत ठेवून वरून झाकणाने दाबा.

९. धुणं: दोन रीती

*बुडवून.* दुसऱ्या पातेल्यात बाजूला ठेवलेले ५ लिटर ७५ अंशांना आणा. निथळलेली पिशवी त्यात सोडा, तोंड उघडा, चोथा डावाने मोकळा करून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. उचला, निथळा, पिळा, आणि ते पाणी मोठ्या पातेल्यात ओता. सगळ्या चोथ्याला सारखं पाणी लागतं, म्हणून नवख्याने हीच रीत धरावी. पातेलं सात लिटरचं असेल तर एवढी पिशवी आणि ५ लिटर पाणी एकदम मावणार नाही. अडीच-अडीच लिटरने दोनदा बुडवा. उलट त्यात साखर थोडी जास्तच निघते.

*वरून ओतून.* पिशवी रोवळीत, रोवळी पातेल्यावर, आणि वरून तांब्याने पाणी. इथे फसगत अशी की पाणी सोपी वाट शोधतं. पिशवीच्या कडेने किंवा मधल्या एका भेगेतून सरळ खाली जातं आणि बाकीचा चोथा जसाच्या तसा राहतो. खाली पडणारी धार लगेच पांढरट आणि पातळ दिसायला लागली तर समजा की भेग पडली आहे. थांबा, चोथा हलवून सपाट करा, मग एकेक तांब्या गोल फिरवत घाला. पाच लिटरला दहा-बारा मिनिटं लागली पाहिजेत.

दोन्हींत पाणी ७७ अंशांच्या वर नको. बोअरचं पाणी मिसळलेलं असेल तर धुण्याच्या पाण्याचा पीएच लॅक्टिक अॅसिडने ५.५ ते ६ वर आणा. थेंबाथेंबाने घाला आणि मोजत राहा. मऊ पाण्याच्या ५ लिटरला अर्धा मिली सहसा पुरतो. शेवटच्या पाण्याची घनता, गार करून मोजलेली, १.०१० च्या खाली गेली की थांबा. त्यापुढे साखर नाही, तुरटपणाच येतो.

गरम करायला दुसरी शेगडी नसेल तर थंड पाण्याने धुतलं तरी चालतं. साखर थोडीशीच कमी निघते, उकळी यायला मात्र जास्त वेळ लागतो.

१०. उकळीच्या आधी मोजा, तेव्हाच दुरुस्त करा

सगळं वर्ट एकत्र झालं, ढवळलं, की दोन आकडे लिहून ठेवा: किती लिटर आणि घनता किती. नमुना २० अंशांपर्यंत गार करून मगच हायड्रोमीटर सोडा. गरम वर्टमध्ये तो खूप कमी दाखवतो. मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीतसुद्धा तो साधारण ४ गुण कमी दाखवतो.

गुण म्हणजे घनतेचे शेवटचे दोन अंक. लिटर गुणिले गुण ही रक्कम उकळताना बदलत नाही, कारण पाणी जातं, साखर राहते. पहिल्या उदाहरणात १४ लिटर आणि १.०३७ ते १.०३८ यायला हवं.

१.०३४ आलं तर: १४ × ३४ = ४७६. त्याला ४८ ने भागा, म्हणजे ९.९ लिटर. ठरल्या ११ ऐवजी ९.९ पर्यंत आटवावं लागेल, म्हणजे साधारण वीस मिनिटं जास्त, आणि शेवटी एक लिटर कमी मिळेल. ते नको असेल तर थोडी हलकी बिअर मान्य करा. साखर टाकून आकडा जुळवायचा मोह आवरा.

१.०४१ आलं तर: १४ × ४१ = ५७४, भागिले ४८, म्हणजे १२ लिटर. एक लिटर उकळलेलं पाणी घाला आणि एक लिटर जास्त मिळवा.

वर्ट ठरल्यापेक्षा कमी भरलं पण घनता जास्त आहे, तर चोथ्याने जास्त पाणी धरून ठेवलंय. पिशवी अजून टांगलेली असेल तर पुन्हा पिळा, नाहीतर तेवढं पाणी घाला. वर्टही कमी आणि घनताही कमी, असं झालं तर भरड किंवा पीएच बघा. पाण्याच्या हिशोबाचा त्यात दोष नाही.

पहिली उकळी येताना फेस झपाट्याने चढतो. दुधाजवळ उभे राहतो तसे उभे राहा. थंड पाण्याचा तांब्या हाताशी ठेवा. झाकण अजिबात नको.

११. पुढच्या वेळेसाठी एक ओळ

घातलेलं थंड पाणी वजा उकळीआधी मिळालेलं वर्ट (थंड मापात), भागिले धान्याचे किलो. हा तुमच्या हाताचा, तुमच्या पिशवीचा शोषण्याचा आकडा. तीन बॅचेसनंतर तो स्थिर होतो. मग वरचा ०.६ खोडून तिथे तो लिहा.

१२. चोथ्याचं काय?

पुण्याच्या उन्हाळ्यात ओला चोथा संध्याकाळपर्यंत आंबतो आणि वास सोसायटीभर जातो. त्याच दिवशी गोठ्यावर द्या किंवा गच्चीवर पातळ पसरून कडकडीत वाळवा. वाळलेला बारीक दळून थालीपिठाच्या भाजणीत चार वाट्यांना एक या प्रमाणात चालतो. त्यापेक्षा जास्त घातला तर टरफलं घशाला टोचतात. ओला चोथा मोरीत ढकलू नका, पाइप तुंबतो. पिशवी मात्र लगेच उलटी करून नुसत्या पाण्याने धुवा आणि उन्हात टाका. साबणाचा वास कापडात राहतो आणि पुढच्या बॅचमध्ये उतरतो.